नेट फास्ट केलं तरी चित्र अडकतंय!

प्रश्न: ताई, मी नाशिक जिल्ह्यात एका नर्सिंग कॉलेजात ट्युटर आहे. मुलींना सीपीआर (हृदय थांबलेल्याची छाती दाबून जीव वाचवणं) शिकवायला आमच्याकडे ४ व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवायचे, आभासी दृश्य दाखवणारे) आणि ४ लॅपटॉप आलेत, प्रोग्राम लॅपटॉपवर चालतो आणि चित्र वायफायवरून हेडसेटमध्ये जातं. एक सेट कसाबसा चालतो पण चारही लावले की चित्र अडकतं, मुलींना गरगरतं, परवा एकीने हेडसेट काढून सरळ बेसिन गाठलं. सरांनी ४० चा प्लॅन १०० एमबीपीएसचा केला, काडीचा फरक नाही. गंमत म्हणजे माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर एक सेट मस्त चालतो! राउटर खाली ऑफिसात आहे, लॅब वरच्या मजल्यावर. काय करू?

उत्तर: मॅडम, ते हॉटस्पॉटचं लिहिलंत तिथेच सगळं आलं बघा. तुमचं चित्र मुळात इंटरनेटवर जातच नाही. ते लॅपटॉपमधून निघतं, स्लॅबमधून खाली ऑफिसातल्या राउटरकडे जातं आणि परत स्लॅबमधून वर येऊन हेडसेटमध्ये शिरतं, म्हणजे शेजारच्या बाकावर चिठ्ठी द्यायची तर आधी खाली शिपायाकडे जाऊन यायचं. प्लॅन वाढवून सरांनी गेटबाहेरचा रस्ता रुंद केला, गर्दी आहे जिन्यात. मोबाईल टेबलावरच होता म्हणून हॉटस्पॉटला जिना लागलाच नाही.

वायफायचं कसं, एका चॅनलवर (म्हणजे हवेतल्या एका लेनवर) एका वेळी एकच जण बोलतो, बाकीचे थांबतात. लॅपटॉपही वायफायवर असले तर चित्राची प्रत्येक फ्रेम हवेतून दोनदा जाते, आणि असे ४ सेट! त्यात राउटर २.४ गीगाहर्ट्झवर असेल तर तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनल मोजून ३, १, ६ आणि ११, आणि ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे त्याच गल्लीत. म्हणून लॅबमध्ये वेगळा ५ गीगाहर्ट्झचा राउटर उंचावर लावा, लॅपटॉप त्याला लॅन केबलने जोडा, फक्त हेडसेट वायफायवर ठेवा आणि मुलींचे मोबाईल त्या वायफायवर अजिबात घेऊ नका (पासवर्ड फळ्यावर लिहिलात तर संपलं). ५ गीगाहर्ट्झ भिंतीपलीकडे लवकर दमतं, पण एका खोलीपुरतं ते बरंच आहे. तरी चारही एकदम अडकले तर दोन-दोन चालवा, त्यात कमीपणा नाही.

गरगरण्याचं म्हणाल तर मान वळली की चित्रही साधारण २० मिलिसेकंदात वळायला हवं, उशीर झाला की डोळे एक सांगतात आणि कानातला तोल दुसरंच, मग मळमळतं. अशा मुलीला "होईल सवय" म्हणून रेटू नका, हेडसेट काढून बसवा, आणि सुरुवातीला १० मिनिटांच्या वर नकोच.

आणि एक गोष्ट मला जास्त खटकते. सीपीआरमध्ये मिनिटाला १०० ते १२० दाब, म्हणजे दोन दाबांत अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ. "दाब पुरेसा खोल गेला नाही" हा हेडसेटमधला लाल दिवा ३०० मिलिसेकंद उशिरा लागला तर तोवर पोरगी पुढच्या दाबाला निघालेली असते, मग ती चुकीचा दाब सुधारते आणि बरोबर होता तो बिघडवते! म्हणून दाब किती खोल गेला तो आकडा हेडसेटमधून न घेता सरावाच्या डमीच्या (पुतळ्याच्या) छातीतल्या सेन्सरवरून घ्या. ५ ते ६ सेंटीमीटर छाती खाली जाणं म्हणजे काय हे मनगटालाच कळतं, व्हीआरमध्ये हवेत हात दाबून नाही कळत. घाबरलेले नातेवाईक, ओरडाओरड, मदतीला कुणाला हाक मारायची, हे मात्र व्हीआरमध्ये झकास शिकवता येतं.

प्रश्न: मी एएनएम (आरोग्यसेविका) आहे, आमच्या पाड्यावर रेंज येते-जाते. ऑनलाइन ट्रेनिंग अर्ध्यात तुटतं. ५जी आलं की सुटेल का?

उत्तर: ५जी देशात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं, पण पाड्यावर टॉवरच दिसत नसेल तर ४जी काय नि ५जी काय. तुम्ही वाट बघू नका. तालुक्याला मीटिंगला जाता तेव्हा तिथल्या वायफायवर धडे डाउनलोड करून आणा, पाड्यावर नेटशिवाय बघा, उत्तरं नंतर रेंजमध्ये आलात की पाठवा, ती जेमतेम काही केबीची असतात. अॅपमध्ये डाउनलोडचं बटणच नसेल तर ट्रेनिंगवाल्यांना तेवढं एकच मागा. लाइव्ह तासाला व्हिडिओ बंद ठेवून नुसता आवाज ऐका, आवाजाला फार कमी डेटा लागतो, आणि प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ त्यांना आदल्या दिवशी पाठवायला सांगा.