वाचकांचे प्रश्न : खदिजा अरीब यांचे सभाध्यक्षपद

प्रश्न : आमच्या ऐरोलीतील महिला मंडळात नेदरलँड्सच्या संसदेतील कनिष्ठ सभागृहाच्या माजी सभाध्यक्षा खदिजा अरीब यांचा विषय निघाला. मोरोक्कोत जन्मलेली स्त्री तिथे अध्यक्षपदी पोहोचली, ती पक्षाच्या बळावर का? शिवाय 2006 मध्ये निवडून न येताही त्या सभागृहात परत कशा आल्या?
– एक वाचक भगिनी, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : दुसरा भाग आधी घेते, कारण त्यातून तिथली पद्धत उलगडते. नेदरलँड्समध्ये आपल्यासारखे मतदारसंघ नाहीत. मते पक्षाच्या यादीतील उमेदवारांना पडतात आणि कनिष्ठ सभागृहाच्या 150 जागा पक्षांना मिळालेल्या एकूण मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. 1998 पासून सदस्य असलेल्या अरीब 2006 मध्ये त्यांच्या मजूर पक्षाच्या जागा घटल्यामुळे बाहेर राहिल्या. परंतु तिथे मंत्री होणाऱ्याला सभागृहाचे सदस्यत्व सोडावे लागते आणि त्याची जागा यादीतील पुढच्या उमेदवाराकडे जाते. 2007 मध्ये मजूर पक्ष सरकारात सामील झाला, त्याचे काही सदस्य मंत्री झाले आणि पोटनिवडणुकीशिवाय अरीब परतल्या.

आता पक्षबळाविषयी. 1960 मध्ये जन्मलेल्या अरीब पंधराव्या वर्षी नेदरलँड्सला आल्या, समाजशास्त्र शिकल्या आणि तिथल्या मोरोक्कन स्त्रियांच्या संघटनेच्या उभारणीत पुढे होत्या. डिसेंबर 2015 मध्ये तत्कालीन अध्यक्षांनी राजीनामा दिल्यावर अरीब यांनी हंगामी कारभार पाहिला आणि जानेवारी 2016 मध्ये, चार पक्षांचे चार उमेदवार रिंगणात असताना, गुप्त मतदानाच्या अनेक फेऱ्यांनंतर त्या निवडून आल्या. कडव्या उजव्या पक्षाचे नेते गिर्ट वाइल्डर्स यांनी अरीब यांच्या दुहेरी नागरिकत्वावर आक्षेप घेतला होता. वस्तुतः मोरोक्कोचे नागरिकत्व सोडणे जवळपास अशक्य असते, त्यामुळे तो आक्षेप मला अन्यायाचा वाटतो.

खरी कसोटी मार्च 2017 मध्ये लागली. मजूर पक्ष 38 जागांवरून 9 वर घसरला, म्हणजे पक्षबळ म्हणावे असे काही उरलेच नव्हते. तरीही अध्यक्षपदासाठी त्या एकट्याच उमेदवार होत्या आणि पुन्हा निवडून आल्या. तिथे सदस्य एकमेकांशी थेट न बोलता अध्यक्षांना उद्देशून बोलतात आणि वक्त्याला मध्येच प्रश्न विचारायचा असल्यास सभागृहातील ठरावीक ध्वनिक्षेपकापाशी येऊन उभे राहतात. कोणाला किती वेळा बोलू द्यायचे, हे अध्यक्ष ठरवतात. अशा ठिकाणी पक्षपाताचा संशय असता, तर इतर पक्षांनी त्यांना बिनविरोध कसे येऊ दिले असते? महाराष्ट्र विधानसभेच्या नियमांतून अध्यक्षनिवडीचे गुप्त मतदान 2021 मध्ये वगळण्यात आले आणि आजवर एकही स्त्री त्या आसनावर बसलेली नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते. (नेदरलँड्समध्ये हा मान 1998 मध्येच येल्त्ये फान नीवेनहोवेन यांना मिळाला होता.)

उत्तरार्ध मात्र सुखाचा नाही आणि तो झाकून कारकीर्द सांगणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. एप्रिल 2021 मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत व्हेरा बेर्गकाम्प यांनी त्यांचा पराभव केला. 2022 मध्ये कर्मचाऱ्यांशी त्यांच्या वागणुकीबाबत निनावी पत्रे आली, चौकशी जाहीर झाली आणि अरीब यांनी सदस्यत्व सोडले. 2023 मधील अहवालाने त्यांच्या काळात काही कर्मचाऱ्यांना असुरक्षित वाटल्याचे म्हटले. अरीब यांनी आरोप मान्य केले नाहीत.