बुद्ध्यांक 150 वरून 126 वर आला, म्हणजे काय झालं?

शाळा सुरू झाल्या की माझ्याकडे एकाच प्रश्नाचे फोन वाढतात. "मॅडम, मुलगी वर्गाच्या फार पुढे आहे, कंटाळते. आयक्यू टेस्ट करून घेऊ का?" काही पालक टेस्ट करूनच येतात आणि विचारतात, "आता या आकड्याचं काय करायचं?" आणि हल्ली चाळिशीच्या आसपासची माणसंही येऊ लागली आहेत. ती बाकीचं सगळं बोलून झाल्यावर, उठता उठता विचारतात, "मोठ्यांचीही होते का हो ही टेस्ट?" हे तिन्ही प्रश्न मला एकाच घरात भेटले, म्हणून त्या घराविषयी लिहिते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. बऱ्याच भेटींतलं मोजकंच इथे घेतलंय.

अमेय आठ वर्षांचा, तिसरीत. आई राधिका बँकेत, वडील समीर चाकणच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात. राधिकाने पर्समधून दोन अहवाल काढून टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. पहिला अमेय पाच वर्षांचा असतानाचा, बुद्ध्यांक 150. दुसरा अलीकडचा, दुसऱ्या केंद्रातला, 126.

"तीन वर्षांत चोवीसनं उतरला. आमचं काय चुकलं?" तिचा आवाज भरून आला होता.

समीरकडे उत्तर तयार होतं. "मोबाईल."

अमेय बाहेरच्या खोलीत बसला होता. त्याला दोन्ही आकडे पाठ होते. पहिला तर आजीमुळे अख्ख्या सोसायटीला ठाऊक होता.

मी आधी दोघांना चाचण्यांची नावं वाचायला सांगितली. आश्चर्य वाटेल, पण आकडा तोंडपाठ असलेल्या पालकांनी चाचणीचं नाव बहुधा वाचलेलंच नसतं. पहिली होती बिने-कामत. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी 1905 साली जी चाचणी केली, तिची अमेरिकेत सुधारलेली आवृत्ती घेऊन व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडमध्ये 1930 च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी ती बसवली. फार मोलाचं काम होतं ते, आणि आजही आपल्याकडे ही चाचणी वापरात आहे. तिच्यात मुलाचं मानसिक वय काढतात, त्याला खऱ्या वयाने भागतात आणि शंभरने गुणतात. पाच वर्षांच्या मुलाने साडेसात वर्षांच्या मुलाइतकी उत्तरं दिली की आला आकडा 150.

दुसरी होती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीची भारतीय आवृत्ती. तिच्यात भागाकार नाही. मूल त्याच्याच वयाच्या मुलांमध्ये कुठे उभं आहे ते पाहतात. सरासरी 100, साधारण दोन तृतीयांश मुलं 85 ते 115 मध्ये, आणि 130 च्या वर शंभरात जेमतेम दोन. त्या हिशेबाने 126 म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव मुलांच्या पुढे.

म्हणजे दोन्ही आकडे वेगवेगळ्या पद्धतीने काढलेले आहेत. पहिला आकडा इतका मोठा दिसण्याचं आणखी एक कारण आहे. जेम्स फ्लिन या संशोधकाने 1980 च्या दशकात अनेक देशांची आकडेवारी मांडून दाखवलं की पुढच्या पिढीची मुलं अशा चाचण्यांत आधीच्या पिढीपेक्षा जास्त गुण मिळवत आली आहेत, दर दशकाला साधारण तीन गुण. म्हणजे जुन्या मुलांवरून ठरवलेल्या सरासरीशी आजचं मूल ताडून पाहिलं की आकडा फुगतो. त्यात सहा वर्षांच्या आतल्या मुलाचा बुद्ध्यांक तसाही डळमळीत असतो. त्या दिवशीची झोप, परक्या माणसाची भीती, आई दिसत नाही म्हणून आलेलं रडू, सगळं त्यात उतरतं.

"थोडक्यात, पट्टी बदलली आहे. अमेय उतरलेला नाही," मी म्हटलं.

राधिकाने सुस्कारा टाकला. समीर मात्र दुसरा अहवाल उलटत राहिला. त्यात चार वेगवेगळे गुण होते. भाषिक आकलन 136, आकृत्यांवरून तर्क 133, लक्षात धरून काम करणं 118, आणि कागद-पेन्सिलीचं काम भराभर करण्याचा वेग 97.

माझ्या दृष्टीने त्या दोन्ही अहवालांत मिळून कामाची गोष्ट हीच होती. इतकं अंतर असेल तर एकत्र आकडा फारसं काही सांगत नाही. सगळं मिसळून 126 दिसतं, पण हा मुलगा विचार करतो एका गतीने आणि लिहितो दुसऱ्याच. फार बुद्धिमान मुलांत हे चित्र वारंवार दिसतं. शाळेची तक्रारही तीच होती: तोंडी सगळं येतं, फळ्यावरचं उतरवून घेत नाही, वही अर्धवट. शाळेने त्याला नाव दिलं होतं निष्काळजीपणा.

"माझ्या प्रत्येक प्रगतीपुस्तकावर हेच असायचं," समीर म्हणाला. "बुद्धी आहे, वापरत नाही."

हे वाक्य मी मनाशी टिपून ठेवलं.

मग अमेयशी भेटी सुरू झाल्या. माझ्याकडे टॅनग्रॅम आहे, सात लाकडी तुकडे जुळवून आकृत्या करायचा खेळ. अमेयने आधीपासून येत असलेली मांजराची आकृती झटकन लावून दाखवली. मी नवी आकृती पुढे ठेवली. त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग कार्ड सरकवून दिलं.

"बोअर आहे."

"सोपं आहे म्हणून, की अवघड आहे म्हणून?"

तो छोटा त्रिकोण बोटात फिरवत राहिला. मग विचारलं, "हुशार मुलांना हे किती वेळात येतं?"

"मी कधी मोजलं नाही. तुला कुठे अडतंय ते सांग."

"तो चौकोन तीन ठिकाणी बसू शकतो. पण कुठेही बसवला तरी मोठा त्रिकोण बाहेर राहतो."

तुकड्यांना हातही न लावता या मुलाने मनातल्या मनात तीन वेळा करून पाहिलं होतं! मी म्हटलं, "अरे, मग हाताने एकदा लावून का नाही बघितलंस?"

"लावलं आणि चुकलं तर दिसतं ना."

इतकी वर्षं या क्षेत्रात आहे, पण आठ वर्षांच्या मुलाने आपली भीती इतक्या थोडक्या शब्दांत मांडलेली मी क्वचित ऐकली आहे. पाचव्या वर्षी त्याला 150 हा आकडा मिळाला आणि तो सांभाळायची जबाबदारीही मिळाली. ती सांभाळायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग त्याने शोधला होता: जे येतं तेवढंच करायचं. वही अर्धवट राहण्यात हाताचा वेग होता, तशी ही भीतीही होती.

कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. "हुशार आहेस" अशी शाबासकी मिळालेल्या मुलांनी पुढे सोपी कोडी निवडली. "छान मेहनत घेतलीस" असं ऐकलेल्यांनी अवघड निवडली. मला यापेक्षाही मूळचं वाटतं ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं म्हणणं, जे मराठीत डॉ. कि. मो. फडके यांच्यामुळे आपल्यापर्यंत पोचलं. कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. अमेयचा आकृत्यांचा तर्क मोजता येतो, लिहिण्याचा वेग मोजता येतो. अख्खा अमेय मोजता येत नाही, आणि कुठल्याही चाचणीने तसा दावा केलेलाही नाही. तो दावा आपण घरी, पाहुण्यांसमोर करतो. या विचारावर मी माझं सगळं काम उभं केलंय आणि त्याने मला क्वचितच निराश केलंय.

घरासाठी एकच गोष्ट सुचवली. समीरने रोज रात्री जेवणानंतर वर्तमानपत्रातलं सुडोकू पेनने सोडवायचं, अमेयच्या शेजारी बसून, मोठ्याने विचार करत. चुकलं की आकड्यावर काट मारायची, शेजारी नवा लिहायचा, पुढे जायचं. अमेयने सोडवायचं नाही, फक्त बघायचं. दुसऱ्या आठवड्यात अमेयने बाबांच्या हातातून पेन काढून घेतलं. त्या दिवशीचा तो कागद राधिकाने मला दाखवायला आणला होता. काट मारून मारून एका चौकटीत जागाच उरली नव्हती. मी तो माझ्या फाइलमध्ये जपून ठेवलाय.

शाळेत राधिका वर्गशिक्षिकेला भेटली, पण आकडा घेऊन गेली नाही. "फळ्यावरचं उतरवायला त्याला वेळ लागतो, छापील कागद देता का, आणि काही उत्तरं तोंडी घेता का?" एवढंच विचारलं. बाईंनी छापील कागद लगेच कबूल केले, तोंडी उत्तरांना थोडा वेळ लागला. इथे पालकांना एक सांगायला हवं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांचा उल्लेख आहे, पण अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यावर जशा ठरलेल्या सवलती मिळतात, तसं अतिबुद्धिमत्तेच्या अहवालावर आपल्याकडे काही मिळत नाही. त्यामुळे शाळेपुढे 150 ठेवला की बहुतेक वेळा शिक्षक बिचकतात. नेमकी गरज सांगितली की मदत करतात.

आता समीर. एका भेटीनंतर तो एकटाच मागे थांबला. "मॅडम, मलाही ही टेस्ट करायची आहे."

मोठ्यांचीही होते. वेक्सलर यांचीच प्रौढांसाठी चाचणी आहे, सोळा वर्षांपासून पुढे. मेन्सा ही 1946 साली ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेली संस्थाही मोठ्यांना चाचणी घेऊनच सदस्य करते. लोकसंख्येतले वरचे दोन टक्के, हा त्यांचा निकष.

मी त्याला विचारलं, "समजा 142 आला. मग?"

"मग कळेल की मी आळशी नव्हतो. लिहायला वेळ लागायचा, एवढंच."

"आणि 112 आला तर?"

तो इतका वेळ गप्प बसला की बाहेरून राधिकाने दार ढकलून आत पाहिलं.

"तर बाबा म्हणायचे तेच खरं ठरेल," तो म्हणाला.

बेचाळीस वर्षांचा माणूस, दोन पेटंटवर नाव असलेला, वडील जाऊन कितीतरी वर्षं झालेली. आणि आपल्याला आळशी म्हणायचं की नाही हे ठरवायला तो एका चाचणीची वाट बघत होता. पुढच्या भेटी आम्ही चाचणीवर खर्च केल्या नाहीत. त्या वाक्यावर केल्या. आळस आणि बुद्ध्यांक यांचा एकमेकांशी संबंधच काय? 142 चा माणूस आळशी असू शकतो, 112 चा कमालीचा कष्टाळू. बाबांनी तेव्हा एक मत दिलं होतं, ते अपुऱ्या माहितीवर होतं. पण मत कितीही बरोबर असतं, तरी ते समीरच्या वहीबद्दल असतं. समीरबद्दल नसतं. हे त्याला पटायला वेळ लागला, आणि पटलं तेव्हा त्याने तेच वाक्य अमेयच्या वहीबद्दल राधिकाला ऐकवलं.

प्रौढांना मी म्हणूनच चाचणीआधी हा प्रश्न विचारते. आकडा तुमच्या अपेक्षेपेक्षा तीस गुणांनी खाली आला, तर उद्या सकाळी तुम्ही स्वतःशी काय बोलाल? उत्तर "काही नाही, कुतूहल होतं" असं असेल, तर खुशाल करा. उत्तर ऐकून स्वतःलाच धक्का बसला, तर आधी त्यावर काम करू.

मुलांच्या बाबतीत चाचणी कधी करावी? काहीतरी अडलं असेल तेव्हा. मूल तोंडी फार पुढे आणि लेखी फार मागे असेल, शाळा लक्ष लागत नाही म्हणत असेल आणि तुम्हाला घरी उलटं दिसत असेल, किंवा एखाद्या उपक्रमाला निवडीसाठी ती लागत असेल. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी 1962 साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तेव्हापासून चाचणी घेऊन मुलं निवडणं इथे ओळखीचं आहे. पण तिथे निवडीनंतर वर्षानुवर्षांचं काम वाट पाहत असतं. चाचणीनंतर काहीच वाट पाहत नसेल, तर ती कशासाठी करायची ते पुन्हा ठरवा. आणि निवड झाली नाही म्हणून मुलाचं आता काही खरं नाही असंही समजू नका. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियात 1921 पासून दीड हजारांवर अतिबुद्धिमान मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. चाचणी देऊन त्या निवडीत न बसलेली दोन मुलं पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल घेऊन आली: विल्यम शॉकली 1956 साली आणि लुईस अल्वारेझ 1968 साली.

खासगी केंद्रात पैसे भरण्याआधी विचारायच्या गोष्टी पालक सहसा विचारत नाहीत. चाचणीचं नाव काय, ती कोणत्या मुलांवर आणि कधी प्रमाणित झाली, म्हणजे तिची सरासरी कुणावरून ठरवली? घेणाऱ्याचं मानसशास्त्रातलं शिक्षण काय? चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? समोरासमोर बसून घेणार का, आणि मूल ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत घेणार का? अहवालात विभागवार गुण आणि आकड्याची कक्षा, म्हणजे खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ते, देणार का? अमेयच्या 126 शेजारी 120 ते 131 अशी कक्षा लिहिलेली होती, ती घरात कुणीच वाचली नव्हती. अहवाल समजावून सांगायला वेगळी वेळ देणार का? बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारे आणि 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन', म्हणजे मेंदूचा मधला भाग जागा करून देतो म्हणणारे, यांच्या दारातूनच परत फिरा. त्यामागे कसलंही शास्त्र नाही, आणि हे मी ठामपणे लिहितेय. घरी सराव करून घेऊ नका. तीच चाचणी वर्षाच्या आत पुन्हा घेऊ नका, सवयीने गुण वाढतात आणि अहवाल निरुपयोगी होतो. आणि आकडा मुलाला सांगू नका. त्याला काय छान जमतं आणि कुठे मदत लागेल, हे त्याच्या भाषेत सांगा. ते त्याच्या उपयोगाचं आहे.

अमेयने आकडा विचारला, कारण त्याला तो आधीच माहीत होता. "मी खरं 150 आहे की 126?" मी त्याला दुसऱ्या अहवालातले चार गुण चार उभ्या पट्ट्या काढून दाखवले. त्याने सगळ्यात बुटक्या पट्टीवर बोट ठेवलं. "हा माझा हात," तो म्हणाला, आणि विचारलं, "टायपिंग शिकलो तर ही पट्टी लागणारच नाही ना?" या दिवाळीच्या सुट्टीपासून तो मराठी टंकलेखन शिकतोय. समीरही त्याच्याबरोबर बसतो. स्वतःची चाचणी त्याने अजून केलेली नाही. करणार आहे की नाही, हे मी विचारलेलं नाही.