लेक मेसमधलं खरकटं मोजतेय, मोजू दे तिला

नमस्कार ताई,

ऐरोलीहून लिहिलेलं तुमचं पत्र वाचलं. लेक नेरूळला बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेसमध्ये जेवणं झाली की खरकट्याच्या बादल्या काट्यावर ठेवून वजनं लिहीत बसते, आणि कचऱ्यात कसलं आलंय करिअर, नातेवाईक काय म्हणतील ही तुमची काळजी. काळजी समजते मला, पण तिला तिथून हलवू नका.

कारण बघा, ओल्या कचऱ्याचा बायोगॅस सूक्ष्मजीव करतात आणि तिचा विषयच तो. बायोगॅस प्लांटच्या टाकीत एकदम भाताचा ढीग ओतला की आम्ल वाढतं, पीएच घसरतो, मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव थंडावतात, गॅस कमी होतो आणि मग सगळे म्हणतात प्लांटच फालतू! प्लांट बरेचदा ठीक असतो हो, त्यातलं कळणारं माणूस नसतं. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, डॉ. शरद काळेंनी ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करणारा निसर्गऋण प्लांट विकसित केला, त्याबद्दल तिला वाचायला सांगा.

आणि ही काही हौसेची गोष्ट राहिलेली नाही. घनकचरा नियमांनुसार रोज 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचाय, म्हणजे मोठी कॉलेजं, हॉटेलं, सोसायट्या सगळे आले, आणि हे नीट चालवणारी माणसं लागतातच.

फक्त तिला म्हणावं सगळं एकाच बादलीत मोजू नकोस. भाजीची सालं-देठं वेगळी, पातेल्यात उरलेलं वेगळं, ताटात टाकलेलं वेगळं, आणि त्या दिवशी मेनू काय होता तेही लिही. पातेल्यातलं वेळेत कुणाच्या तरी पोटात जाऊ शकतं, ताटातलं कमी करायचं तर वाढणाऱ्या काकांशी बोलावं लागतं, गॅस आणि खत नंतर. सहा महिन्यांची अशी वही एमएस्सीच्या इंटरव्ह्यूला घेऊन गेली तर मार्कशीटपेक्षा जास्त बोलेल.

पुढे एमएस्सी एन्व्हायर्नमेंटल सायन्स किंवा मायक्रोबायोलॉजीच. गेट या प्रवेश परीक्षेत 2021 पासून एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड इंजिनिअरिंगचा पेपर आहे, तिसऱ्या वर्षाला असतानाही देता येतो. सुरुवातीचा पगार फार नसतो हे आत्ताच सांगून ठेवते. आणि लाखभर फी घेणारे सस्टेनेबिलिटीचे ऑनलाइन डिप्लोमे सध्या नकोतच, त्याऐवजी सुट्टीत ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या टीटीसी एमआयडीसीत कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या एखाद्या ईटीपी प्लांटच्या लॅबमध्ये इंटर्नशिप मिळते का ते बघा, त्यासाठी कॉलेजचं पत्र आत्ताच मागून ठेवायला सांगा.