वजने उचलल्याने फुटबॉलपटूचे अंग जड होते का?

आपण विंगर, म्हणजे कडेने धावणारे आक्रमक खेळाडू, आहात, वेग वाढवण्यासाठी जिममध्ये कोणते व्यायाम करावेत असे विचारता, आणि प्रशिक्षक मात्र ‘वजने उचललीस तर अंग जड होईल’ म्हणतात. नेमके हेच वाक्य मला कूपरेजच्या मैदानाबाहेर साऱ्या संघासमोर ऐकवण्यात आले होते, म्हणून हे उत्तर.

मी तेव्हा एका कार्यालयाच्या संघातून राइट बॅक (उजव्या बाजूचा बचावपटू) म्हणून खेळत असे. आमच्या प्रशिक्षकांची खेळाची जाण उत्तम होती, पण ताकद म्हणजे दादर चौपाटीच्या वाळूत धावणे आणि शेकड्यांनी बैठका मारणे, यापलीकडे ते जात नसत. मी लालबागच्या एका व्यायामशाळेत पहाटे वजनांचा बार खांद्यावर घेऊन स्क्वॉट, म्हणजे बैठका, करतो, हे कोणीतरी त्यांच्या कानावर घातले. ‘हा आता कुस्ती खेळणार,’ असे म्हणून त्यांनी मला राखीव खेळाडूंत बसवले. पुढे एका सामन्यात, पावसाने मैदानाचा चिखल झालेला असताना, त्यांना मला उतरवणे भाग पडले आणि अखेरच्या मिनिटांपर्यंत मी समोरच्या विंगरला गाठत राहिलो. त्याचे श्रेय त्यांनी वाळूला दिले.

शेकडो बैठकांनी दमसास वाढतो. कमाल ताकद वाढायला भार जड लागतो. धावताना पाय जमिनीला क्षणभरच टेकतो आणि तेवढ्यात किती जोर लावता येतो, यावर वेग ठरतो. जड वजनाच्या तीन ते पाच आवृत्त्या, वर येताना शक्य तितका झपाटा आणि दोन सेट्समध्ये तीनेक मिनिटांची विश्रांती, या पद्धतीत सुरुवातीची वाढ मुख्यतः मज्जासंस्थेमुळे होते. स्नायूंचे आकारमान त्या मानाने थोडेच वाढते. नॉर्वेच्या रोझेनबोर्ग क्लबमधील 17 खेळाडूंवरचा 2004 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा: ज्यांचा हाफ स्क्वॉट (अर्धी बैठक) अधिक वजनाचा, त्यांची 10 मीटरची धाव आणि जागेवरून वर मारलेली उडीही सरस होती. (केवळ संबंध दिसला म्हणून कारण सिद्ध होत नाही, हे मान्य, पण ‘जड होतो’ या म्हणण्याला त्यात काडीचा आधार नाही.)

मोसमापूर्वी आठवड्यातून दोनदा स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, कमरेतून झुकून बार खाली-वर करणे) आणि थोड्या उड्या पुरेशा आहेत. मोसम सुरू झाल्यावर एकदा तरी कराच. नॉर्वेतीलच व्यावसायिक खेळाडूंमध्ये आठवड्याला एका सत्राने मिळवलेली ताकद टिकली, पंधरवड्याला एका सत्राने ती घटली. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग, म्हणजे सहकाऱ्याने घोटे धरायचे आणि आपण गुडघ्यांवरून सावकाश पुढे झुकायचे, हा व्यायाम वगळू नका. तो नियमित करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंच्या, दुखापती साधारण निम्म्याने कमी झाल्या आहेत.

हे सांगायचे राहिले: बार नवा असेल तर पहिले काही आठवडे हलक्या वजनावर ढब पक्की करा, गुडघा आधीपासून दुखत असेल तर प्रथम फिजिओथेरपिस्टला दाखवा, आणि नॉर्डिक सामन्याच्या तोंडावर करू नका, कारण सुरुवातीला मांड्या फार ठणकतात.

प्रशिक्षकांशी मात्र तोंडी वाद घालू नका. आज आणि दोन महिन्यांनी आपली 10 व 30 मीटरची वेळ त्यांच्याच हातून मोजून घ्या. घड्याळ दुसऱ्या कोणाकडे दिलेत, तर ते आकडा मानणार नाहीत.