एक डोळा, बास्केटबॉल आणि राष्ट्राध्यक्षपद

प्रश्न : एका डोळ्याने अधू असलेला बास्केटबॉल प्लेअर पुढे वकील झाला आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाला पण उभा राहिला, असं मी बोलून गेलो आणि सगळे हसले, आता मिसळीची पैज लागलीय. खरंय ना हे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खरंय हो. माणसाचं नाव मॉरिस उडाल, सगळे 'मो' म्हणायचे. जन्म १९२२, ॲरिझोनातलं सेंट जॉन्स नावाचं छोटंसं गाव. पाच-सहा वर्षांचा असताना मित्राबरोबर चाकूने दोरी कापायला गेला आणि उजवा डोळा गेला, मग काचेचा बसवला.

आता एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, अंतराचा अंदाजच येत नाही, आणि हा पठ्ठ्या लांबून बास्केट टाकायचा! उंची ६ फूट ५ इंच, ती कामाला आली असणारच म्हणा. कॉलेजात असताना एका पत्रकाराला शंका आली की डोळा काचेचा वगैरे काही नाही, उगाच थापा आहेत, तर मोने सरळ डोळा काढून त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाला, मला तर यातून फारसं दिसत नाही, तुम्ही बघा जमतंय का!

१९४८-४९ मध्ये तो डेन्व्हर नगेट्सकडून प्रोफेशनल खेळला (आजची टीम वेगळी, नाव तेच), १९४९ मध्येच लॉची डिग्री घेतली आणि भाऊ स्टुअर्टबरोबर टूसॉनमध्ये वकिली सुरू केली, मधे काउंटीचा सरकारी वकील पण होता. १९६१ मध्ये स्टुअर्ट केनेडींच्या मंत्रिमंडळात गेला, त्याची खासदारकीची जागा रिकामी झाली ती मोने पोटनिवडणुकीत जिंकली आणि पुढची ३० वर्षं सोडली नाही. घराणेशाही म्हणायची तर म्हणा, पण १९६७ मध्ये भाऊ मंत्री असताना हा व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात जाहीर बोलला, हे मला जास्त भारी वाटतं.

१९७६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी उतरला (ती ठरवायला राज्याराज्यांत पक्षाचं मतदान होतं) आणि एकामागून एक राज्यात दुसरा येत गेला. विस्कॉन्सिनमध्ये तर रात्री टीव्हीवाल्यांनी तो जिंकला म्हणून सांगून टाकलं, यानेही आनंदाने भाषण ठोकलं आणि सकाळी बघतो तर प्रतिस्पर्धी जिमी कार्टर जेमतेम एक टक्क्याच्या फरकाने पुढे. मग गडी काय म्हणाला, तर काल रात्री मी जिथे जिथे 'जिंकलो' म्हणालो तिथे 'हरलो' करून घ्या!

अलास्कातली १० कोटी एकरांहून जास्त जमीन वाचवणारा १९८० चा कायदा झाला त्यात त्याचा मोठा वाटा. पुढे पार्किन्सन्सच्या आजाराने गाठलं, १९९१ मध्ये राजीनामा दिला, १९९८ मध्ये गेला.

तर मिसळ तुमची, फक्त 'उमेदवारी मिळवली' असं बोलून गेला असाल तर बिल तुम्हीच भरा, ती कार्टरना मिळाली.