कळा सुरू व्हायच्या आधीच बोलून ठेव

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून पत्र आलं आहे. थोडं आवरून इथे देते.

"मावशी, वय २४. सातवा महिना चालू आहे, तारीख दिवाळीनंतरची. पहिली पोरगी तीन वर्षांची. तिच्या वेळी माहेराकडच्या दवाखान्यात गेली होती. कळांनी ओरडली तं तिथल्या बाईनं मांडीवर चापट मारली, वरतून म्हणे, 'तेव्हा नाही वरडली?' एक जण पोटावर चढल्यावानी दाबत होती. खाली कापलं ते मले टाके घालताना समजलं. तांबी बसवली हे तं महिनाभरानं समजलं, पोट दुखते म्हणून दाखवाले गेली तेव्हा. मले कोणी काही विचारलंच नाही. आता ते आठवलं का झोप उडते. सासूबाई म्हणतात, 'आमचे पाचही घरीच झाले, दाई आहे नं गावात.' मलेही वाटते घरीच करावं. आशाताई नाही म्हणते, हिमोग्लोबिन ८.९ आहे म्हणते. आणि घरचे म्हणतात, यावेळी ऑपरेशन करूनच ये. माझं मन नाही ठरलं अजून. दवाखान्यात माझं कोण ऐकन? नाव छापू नका."

पोरी, तुझ्यासोबत जे झालं ते चुकीचं झालं. कळा सहन होत नाहीत म्हणून ओरडणाऱ्या बाईवर हात उचलायचा हक्क कोणालाच नाही, आणि ते वाक्य तर कोणत्याही बाईला कोणीही बोलू नये. गर्दी असते, एकाच सिस्टरकडे चार-चार बाया असतात, रात्रपाळी असते, हे मी जाणते. तरीही त्यातलं एकही कारण तुझ्या मांडीवरच्या चापटीला पुरत नाही. तू नाजूक नाहीस आणि नखरेही करत नाहीस. एवढं मनात पक्कं कर, मग पुढचं बोलू.

घरी मात्र करू नकोस. यावर मी ठाम आहे. ८.९ म्हणजे तुझ्या अंगात रक्त आधीच कमी आहे. बाळ झाल्यावर रक्तस्राव वाढला तर धडधाकट बाईसुद्धा तास-दोन तासांत हातची जाते, मग तुझ्यासारखीला त्याहून कमी वेळ. दवाखान्यात बाळ बाहेर आलं की लगेच गर्भाशय आवळायचं इंजेक्शन देतात, ते रक्त थांबवण्यासाठीच असतं. गावची दाई कितीही जाणती असली तरी तिच्याकडे ना ते इंजेक्शन, ना सलाईन, ना रक्ताची पिशवी. सासूबाईंचे पाच घरी झाले हे खरं आहे. पण त्यांच्याच वयाच्या, बाळंतपणात गेलेल्या बाया गावात किती होत्या, हे त्यांना एकदा प्रेमानं विचार. प्रत्येक गावात ती नावं असतात.

रक्त वाढवायला अजून वेळ आहे. गोळ्या घेतेस का? चहासोबत घेऊ नकोस, गोळी अंगी लागत नाही. त्यानं भागलं नाही तर शिरेतून लोहाची सलाईन देतात, त्याबद्दल डॉक्टरांना आत्ताच विचार. आणि आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. ती तपासणी झाली नसेल तर करून घे.

आता तुझा खरा प्रश्न. माझं कोण ऐकन?

कळा जोरात असताना टेबलवर पडून पहिल्यांदा काही सांगायला गेलीस तर कोणी ऐकणार नाही, हे तुला माहीत आहे. त्या वेळी तुला शब्द सुचत नाहीत आणि समोरच्याला थांबायला वेळ नसतो. म्हणून बोलायचं ते आत्ता, सातव्या महिन्यात, अंगात बळ असताना. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, २०१६ पासून हे चालू आहे. जिथे बाळंतपण करायचं ठरवशील तिथेच त्या दिवशी जा. वजन, बीपी झालं की लगेच उठू नकोस. म्हण, "डॉक्टर, मागच्या खेपेला मला फार त्रास झाला. यावेळी काही गोष्टी आधीच सांगायच्या आहेत." आणि मांडीवरची चापट, टाके, तांबी, सगळं सांग. जमलं तर लेबर रूम दाखवा म्हण. तिथल्या सिस्टरचं नाव विचार, तिला तुझं नाव सांग. कार्डावरच्या नंबरापेक्षा ओळखीच्या चेहऱ्याशी माणूस जरा जपून वागतो.

आणि एकटी जाऊ नकोस. बाळंतपणात सोबतीला राहणार आहे तिलाच आत्ताही घेऊन जा. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईजवळ तिची एक सोबतीण राहू शकते, केंद्र सरकारनं २०१६ मध्येच ही परवानगी दिली आहे. घरातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपण काढलेली, आणि तिला सर्दी-खोकला किंवा लागण होणारा आजार नसावा. नवऱ्याला आत घेतात ते आडोशाची सोय असेल तिथेच. खेड्याकडच्या लेबर रूममध्ये दोन टेबलांमध्ये कधीकधी पडदाही नसतो, तेव्हा बाईच बघ. तू कोणाला नेणार हे पत्रात लिहिलं नाहीस. आई, बहीण, मोठी जाऊ, जी तुझी बाजू घेईल ती. जी स्वतःच घाबरते किंवा डॉक्टर दिसला की मान खाली घालते, ती नको. दिवाळीनंतर घरोघर कापूस वेचणी असते, आयत्या वेळी कोणी मोकळं सापडत नाही. म्हणून जिला न्यायचं तिच्याकडून शब्द आत्ताच घेऊन ठेव.

दारावर "बाहेर थांबा" म्हटलं तर सोबतिणीनं भांडायचं नाही, पण लगेच निघायचंही नाही. शांतपणे म्हणायचं, "सिस्टर, सोबत राहायची परवानगी आहे. ९ तारखेला डॉक्टरांशी बोललो आहोत. मी डोक्याशी उभी राहते, तुमच्या मधे येत नाही." आत तिचं काम फार नाही. पाणी देणं, कंबर चोळणं, तुझा हात धरणं. आणि तू बोलू शकत नसशील तेव्हा एक वाक्य बोलणं: "काय करून राहिल्या, तिला आधी सांगा नं."

तुझं म्हणणं एका कागदावर लिही. लांबलचक नको, अर्धं पान. माता-बाल संरक्षण कार्डात टाचून ठेव. वर्धा जिल्ह्यातल्या माझ्या ओळखीच्या एका मुलीनं असंच केलं होतं. दाखल होताना सिस्टरनं तिच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळता गुंडाळता कार्ड उघडलं, कागद दिसला, तो तिनं मोठ्यानंच वाचला. "टाक्याचं लिहिलं? बरं केलं. लागले तर आधी सांगीन." आणि सांगितलंही. सगळीकडे अशीच सिस्टर भेटेल असं मी म्हणत नाही, पण लिहिलेलं वाचलं जातं, आणि वाचलेलं विसरलं असं नंतर म्हणता येत नाही.

तुझ्या कागदावर हे असू दे: "माझं हिमोग्लोबिन कमी आहे. मागच्या वेळी मला मारलं आणि न विचारता कापलं, म्हणून मला भीती वाटते. अंगाला हात लावण्याआधी काय करता ते सांगा. टाके घालावे लागले तर आधी सांगा आणि बधिर करा. पोटावर जोरात दाबू नका. कळांमध्ये मला चालू द्या, कुशीवर होऊ द्या, पाणी पिऊ द्या. न विचारता तांबी बसवू नका. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचा निर्णय मी घेतलेला नाही." खाली सही, तारीख. आशाताईचीही सही घे, तिला आनंदच होईल. ती तुझ्याच बाजूची आहे, ८.९ तिनंच सांगितलं ना.

यातलं काहीही अवास्तव नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या बाळंतपणाच्या सूचनांमध्ये सांगितलं आहे की प्रत्येकीला सरसकट कापू नये, बाळ लवकर यावं म्हणून हातानं पोट दाबू नये, आणि बाईला हिंडू-फिरू द्यावं, तिला हवी ती सोबत द्यावी. सरकारी लेबर रूम सुधारण्यासाठी २०१७ पासून 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम आहे, त्यातही बाईशी सन्मानानं वागणं हा मुद्दा आहे. म्हणजे तू मेहरबानी मागत नाहीस.

पण एक बाजू तूही समजून घे. बाळाचे ठोके घसरले, रक्त वाहायला लागलं, बीपी एकदम चढून झटका येईल असं वाटलं, तर डॉक्टर भराभर निर्णय घेतील. त्या वेळी तुझा कागद बाजूला राहील, आणि राहिला पाहिजे. कधीकधी कापावं लागतं, कधी सिझर करावं लागतं, कधी यवतमाळला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पाठवावं लागतं. तेव्हा हट्ट धरू नकोस. तरी "काहून?" एवढं विचारायला घाईतही जागा असते, आणि "बाळाचे ठोके कमी झाले" एवढं उत्तर द्यायला पाच सेकंद लागतात. पुढे पाठवलंच तर सोबतीण आणि कार्ड दोन्ही गाडीत तुझ्यासोबत गेलं पाहिजे.

आता ऑपरेशन. पत्रात हे तू शेवटी लिहिलंस, पण मला वाटतं सगळ्यात जास्त ओझं याचंच आहे.

कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन तुझ्या शरीरावर होणार, म्हणून संमती तुझी. सासूबाईंची नाही, नवऱ्याचीही नाही, त्याच्या सहीची त्यात गरजच नाही. आणि कळा चालू असताना, गुंगीत असताना घेतलेली सही योग्य मानली जात नाही, सरकारच्या नियमातच तसं आहे. तरी होतं काय, बाई टेबलवर असते, बाहेर घरचे "करूनच टाका" म्हणतात, कोणीतरी कागद पुढे करतं आणि ती अंगठा देते. तू देऊ नकोस. "आत्ता नाही. मन ठरलं की येईन" एवढंच म्हण. हे ऑपरेशन बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत करतात, नाहीतर सहा आठवड्यांनंतर कधीही. आज नाही केलं तर काही बिघडत नाही, आणि केलं तर परत फिरवणं फार कठीण. मन ठरेपर्यंत पाळणा लांबवायला तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' नावाचं इंजेक्शन आहे, 'छाया' नावाची गोळी आहे, तुला पटली तर तांबीही आहे. तांबी वाईट नाही. वाईट होतं ते न सांगता बसवणं. आणि घरात हा विषय निघेल तेव्हा नवऱ्याला हेही सांग की पुरुषाची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी असते. तो काय म्हणतो ते बघ.

कोणी "घरच्यांची सही आहे नं" म्हणालंच, तर सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा एक निकाल लक्षात ठेव. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका बाईचं गर्भाशय डॉक्टरांनी तिच्या आईच्या संमतीवर काढलं. कोर्टानं सांगितलं की बाई सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नव्हता, मग आईची संमती चालत नाही, आणि एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही. बाळंतपणाच्या कागदावर सही केली म्हणून तांबीला किंवा ऑपरेशनला हो म्हटलं असं होत नाही. म्हणून सही करताना कागद कशाचा आहे ते सोबतिणीला वाचून दाखवायला सांग.

नवऱ्याला आजच बसवून हे सगळं सांग. बाहेर तोच असणार, कागद त्याच्याच हातात देणार. त्यानं एकच करायचं: "तिला विचारून सांगतो" म्हणायचं. गाडीसाठी १०२ आणि १०८ हे नंबर त्याच्या फोनमध्ये हवेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण, न्यायची-आणायची गाडी, सगळं मोफत आहे, २०११ पासून. बाहेरून औषध आणायला सांगितलं किंवा बाळ झाल्याची खुशाली म्हणून कोणी पैसे मागितले, तर द्यायचे नाहीत.

मागच्या वेळच्या चापटीचं काय करायचं, ते तू विचारलं नाहीस. तक्रार करायची इच्छा असेल तर त्या दवाखान्याच्या वैद्यकीय अधीक्षकांना अर्ज दे, एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना, आणि आपल्या प्रतीवर पोच घे. १०४ वर फोन करूनही सांगता येतं. नाही करावंसं वाटलं तरी तुझं काही चुकलं नाही, सातव्या महिन्यात तुला दुसरी कामं आहेत. पण यावेळी असं काही झालं तर सोबतिणीनं वेळ आणि नाव तेव्हाच लिहून ठेवायचं.

रात्रीची झोप उडते ते डॉक्टरांपासून लपवू नकोस, तेही आजारपणाइतकंच सांगण्यासारखं आहे. आणि सासूबाईंना एकदा ९ तारखेला सोबत ने. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून त्या डॉक्टरांच्या तोंडून ८.९ चा अर्थ ऐकतील, तर घरी दाईचा विषय बहुतेक निघणार नाही. कागद आजच लिहायला घे, आणि आशाताई पुढच्या वेळी घरी आली की आधी तिला वाचायला दे.