मांजरीच्या गळ्यात घंटा बांधली तर बागेतले पक्षी वाचतील का?

कळंब्याजवळ बंगला आहे, बागेत बुलबुल-शिंपी येतात, मांजर पोटभर दूध-भाकरी खाऊनही पिल्लं मारते, घंटा बांधू का, असं तुम्ही विचारलंय.

घंटेवर विसंबू नका. मांजर दबा धरून बसते तेव्हा घंटा वाजतच नाही. आणि नुकतं घरट्यातून उतरलेल्या पिल्लाला ती ऐकू आली, तरी उडता कुठे येतं? इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातही घंटेने ठळक फरक पडला नाही. फरक पडला तो खाण्याने. भरपूर मांस असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी घटली; रोज 5-10 मिनिटं खेळवल्यावर 25 टक्क्यांनी.

आपल्याकडची गोची इथेच आहे. दूध-भाकरीने पोट भरतं, पण मांजराला लागणारं टॉरिन हे मांसातलं पोषकद्रव्य भाकरीत नसतं. मांस जास्त असलेलं कॅट फूड सुरू करा. जुन्या खाण्यात मिसळत 7-10 दिवसांत बदला, एकदम बदललंत तर जुलाब लागतात. काठीला दोरी आणि दोरीला पीस बांधून खेळवा, शेवटी ते पीस तिला पकडू द्या आणि लगेच जेवायला घाला.

तरी खात्रीचा उपाय एकच, मांजर घरात ठेवणं. निदान दिवेलागणीपासून सकाळी उन्हं वर येईपर्यंत दार बंद हवं. बुलबुलाची पिल्लं साधारण 12 दिवसांत घरट्याबाहेर पडतात आणि पुढचे काही दिवस झुडपात खालीच धडपडतात. बागेत घरटं दिसलं, की पिल्लं नीट उडू लागेपर्यंत मांजर बाहेर सोडूच नका.

दाराशी आणून टाकलेल्या शिकारीवरून हिशोब करू नका. अमेरिकेत मांजरांच्या गळ्यात कॅमेरे लावून पाहिलं, तर घरी आणलेली शिकार जेमतेम चौथा हिस्सा निघाली. सरडे, सापसुरळ्या आपल्याला दिसतही नाहीत.

पाचव्या महिन्याच्या सुमारास नसबंदी आणि वेळेवर लसी हव्यातच. उसाच्या फडात रानमांजरं असतात. घरच्या मांजराचे रोग त्यांनाही लागू शकतात.

मांजराने धरलेला पक्षी वरून धडधाकट दिसला तरी सोडून देऊ नका. दाताची बारीक भोकं पिसांखाली लपतात आणि लाळेतल्या जंतूंमुळे तो दोन-तीन दिवसांत मरू शकतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.